अलास्कातली एक दिवसाची ग्लेशियर बोट: आईबाबांना न्यावं का?

माडाची_सावली

नमस्कार मंडळी,

जुलैमध्ये आम्ही चौघं (मी, नवरा, आई, बाबा) सिअ‍ॅटलला भावाकडे जातोय. तिथून काही दिवस अलास्काला जायचं भावाने परस्पर ठरवून टाकलंय. अँकरेजला मुक्काम आणि एक दिवस बोटीतून ग्लेशियर बघायचे. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. आठवडाभराच्या मोठ्या क्रूझचा विषय नको. ती आईला मानवणार नाही आणि मला परवडणार नाही.

गाडी अडलीये ती बंदरावर. एक व्हिटिअर, दुसरं स्यूअर्ड. दोन्हीकडच्या जाहिराती बघितल्या, दोन्हीकडे तोच निळा बर्फ आणि तेच लाल जॅकेटातले गोरे आजी-आजोबा. भाडं माणशी दोनशे डॉलरच्या पुढेमागे, म्हणजे चौघांचे सत्तर हजार कुठे गेले नाहीत. आणि आईला बोट लागते. सिकेरीहून डॉल्फिन बघायला नेलं होतं, तर आग्वादचं टोक यायच्या आत तिने होडीवाल्याला माघारी फिरवलं. बाकीचे पर्यटक आमच्याकडे ज्या नजरेने बघत होते ते सांगत नाही. शिवाय गुडघे.

बाबांचं नेमकं उलट. नोकरीची सगळी वर्षं मुरगाव बंदरात काढली. बर्फाचा कडा समुद्रात कोसळताना बघायचाच असं त्यांनी घेतलंय.

कोणी जाऊन आलंय का? कुठून, किती तासांची बोट घ्यावी? आणि आईला न्यावं का?

कुर्ली

सत्तर हजारांत मडगावच्या कुठल्याही दुकानात हा एवढा डीप फ्रीझर मिळेल. दार उघडायचं, समोर खुर्ची टाकायची. गुडघे सांभाळले जातात, बोट लागत नाही, आणि आत बांगडेही ठेवता येतात.

मांडवीकाठ

रुमाल टाकून ठेवतेय. आमचाही पुढच्या वर्षीचा विचार आहे. जाणकारांनी सविस्तर लिहा.

म्हापशेकार

मी बरीच वर्षं सिअ‍ॅटलला आहे. घरचे पाहुणे आले की अलास्का ठरलेलंच, त्यामुळे दोन्ही बंदरं चांगली ओळखीची आहेत. तुमच्या आईंचं वाचून एका वाक्यात सांगतो: व्हिटिअर.

कारण भूगोलात आहे. व्हिटिअरच्या बोटी प्रिन्स विल्यम साउंड या मोठ्या खाडीत फिरतात. तिच्या तोंडाशी मॉन्टेग्यू आणि हिंचिनब्रुक ही मोठी बेटं आडवी आहेत, खुल्या समुद्राची लाट आत येईपर्यंत तिचा जीव गेलेला असतो. आत पाणी बरेचदा इतकं स्थिर असतं की डोंगर पाण्यात उलटे दिसतात. बोट लागली तर पैसे परत, अशी जाहिरात तिथे केली जाते. असली हमी देण्याची हिंमत स्यूअर्डला कोणी करणार नाही, कारण स्यूअर्डहून निघालं की रेझरेक्शन बे संपतो आणि आयालिकच्या टोकाशी थेट अलास्काच्या आखाताचं पाणी लागतं. ग्लेशियर त्या टोकाला वळसा घालून पलीकडे. म्हणजे जाताना एकदा आणि येताना एकदा.

व्हिटिअरहून पाच-सहा तासांत दोन डझनांवर ग्लेशियर दाखवतात. त्यातले बरेचसे डोंगरावर लटकलेले, लांबून बघायचे. पाण्यापर्यंत उतरलेल्या एकदोघांसमोर बोट थांबते, तेच खरं. आकड्यावर जाऊ नका.

एकच तक्रार, पाऊस. व्हिटिअरला वर्षाला सुमारे ५००० मिलिमीटर पडतो. गोव्यात आपण ३००० ला हैराण होतो.

डिचोलीकर

५००० मिलिमीटर! म्हणजे पावसाळ्यात गोव्यातून उठून पावसाळ्यातच जायचं? सत्तर हजार देऊन?

तारवटी

मी मोठ्या बोटींच्या किचनमध्ये कामाला होतो, अलास्काचे बरेच सीझन केले. माझं मत म्हापशेकारांच्या उलट, वाद घालायची तयारी ठेवून लिहितोय.

आमची बोट स्यूअर्डला रिकामी व्हायची, तेव्हा सुट्टी मिळाली की आम्ही गोंयकार पोरं छोट्या बोटीचं तिकीट काढायचो. साहेब लोक आठवडाभर बाल्कनीतून बघतात ते आम्हाला किचनच्या गोल खिडकीतूनही दिसत नव्हतं ना!

ग्लेशियरसमोर बोट थांबते ती अर्धा-पाऊण तास. उरलेला दिवस समुद्राचा. व्हिटिअरला तो दिवस शांत आहे, कबूल. पण स्यूअर्डच्या वाटेवर काय काय आहे ते बघा. चिझवेल बेटांवर पफिन पक्षी, खडकांवर स्टेलर सी लायन लोळलेले, पाण्यात पाठीवर पडून पोटावर शिंपले फोडणारे सी ऑटर (समुद्रातली पाणमांजरं), आणि नशीब असलं तर ओर्का, म्हणजे किलर व्हेल. हंपबॅक व्हेल हिवाळ्यात हवाईच्या कोमट पाण्यात पिल्लं घालतात आणि उन्हाळ्यात खायला इकडे येतात, त्यामुळे जुलैत त्या दिसायची आशा चांगली. मग हे सगळं झाल्यावर आयालिक नाहीतर होलगेट ग्लेशियर. दोन्ही एकाच हार्डिंग आइसफील्डमधून खाली आलेत. ते आइसफील्ड जवळजवळ १८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अर्ध्या गोव्याएवढा बर्फ वर बसलाय, आणि जागा मिळेल तिथून खाली सरकतोय.

बंदरात नोकरी काढलेल्या माणसाला तुम्ही तळ्यातल्यासारख्या पाण्यात फिरवणार? बाबांना विचारा तरी.

माडाची_सावली

@तारवटी, बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हा माणूस बरोबर बोलतो." आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग दोघं जा, मी हॉटेलात बसते." आता काय करू?

कुर्ली

वर दिलेला पर्याय अजून खुला आहे.

जुनीबोट

बोट लागण्याचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द. आमच्या लहानपणी मुंबईहून पणजीला यायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावर जायचं, डेकवर पथारी टाकायची आणि रात्र काढायची. वाटेत कोकणातली बंदरं लागायची. पडाव बोटीच्या अंगाला येऊन भिडायचे, त्यात माणसं, ट्रंका, कोंबड्या, फणस सगळं एकदमच उतरायचं. अर्धी बोट ओकत असायची. माझी आजी मात्र खडखडीत. तिचे नियम मी आजही पाळतो. उपाशी चढायचं नाही आणि तुडुंब खाऊनही चढायचं नाही. बोटीच्या मध्यावर बसायचं, नाळेकडे नाही आणि वर तर मुळीच नाही, कारण हेलकावा सगळ्यात कमी तिथेच. नजर लांब किनाऱ्यावर. आल्याची वडी गालात.

खाली केबिनमध्ये डोळे मिटून पडायचं हा सल्ला देणारे बरेच भेटतील. केबिनमध्ये डिझेलचा वास आला की संपलं.

मांडवीकाठ

@जुनीबोट, वा! यावर वेगळा धागा काढा ना. माझे आजोबा वेंगुर्ल्याला उतरायचे.

वैद्यबुवा_नव्हे

आल्याच्या वडीला माझा आक्षेप नाही, पण प्रवासाच्या गोळ्या आता सगळीकडे मिळतात. बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, निघण्याच्या आधी घ्यावी लागते. त्यांनी झोप येते. वयस्कर माणसाला बीपीच्या किंवा काचबिंदूच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या डॉक्टरला विचारूनच. आणि इथे गोव्यातच, घरी, एकदा घेऊन बघा. सत्तर हजाराच्या बोटीत घोरायला नको.

सड्यावरचा

अवांतर, पण बाबा मुरगाव बंदरात होते हे वाचून राहवलं नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच सुटली होती, ६ डिसेंबर १९८१. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण, नॉर्वेचं भाड्याने घेतलेलं पोलर सर्कल नावाचं जहाज. ९ जानेवारी १९८२ ला तिथे उतरले. सगळं गुपचूप चाललं होतं, पोचल्यावर देशाला कळलं. तुमचे बाबा तेव्हा बंदरात होते का?

आणि आमच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती, आर्क्टिकमधलं हिमाद्री, स्पितीतलं हिमांश, या सगळ्या संशोधन ठाण्यांचा कारभार इथून चालतो. अंटार्क्टिकाच्या बर्फाचे नमुने उणे २० अंशांत सांभाळून ठेवलेत. बाहेर आम्ही घामाने निथळत बसची वाट बघतो आणि भिंतीपलीकडे अंटार्क्टिका. मी संस्थेत नाही, शेजारी आहे इतकंच.

कुर्ली

म्हणजे डीप फ्रीझरची कल्पना सरकारने आधीच उचलली तर.

माडाची_सावली

@सड्यावरचा, बाबांना विचारलं आणि तासभर सुटका झाली नाही. तेव्हा ते नव्यानेच लागले होते. जहाज धक्क्याला होतं ते त्यांना आठवतं, पण ते कुठे जाणार हे कोणालाच सांगितलेलं नव्हतं. लोकरीच्या कपड्यांच्या पेट्या चढताना बघून कामगार हसत होते म्हणे, डिसेंबरातही आपल्याकडे पंखे लागतात. नंतर रेडिओवर ऐकलं तेव्हा उलगडा झाला. हे त्यांनी आम्हाला आजवर कधी सांगितलं नव्हतं!

वाचनमात्र

एरवी लिहीत नाही, पण एक शंका. गोव्यातून अमेरिका, तिथून अलास्का, एवढं विमानाचं इंधन जाळून वितळणारा बर्फ बघायला जायचं आणि "अरेरे, किती वितळला" म्हणत फोटो टाकायचे, यात कोणाला काही खटकत नाही का? अलास्कातलंच कोलंबिया ग्लेशियर १९८० च्या सुमारापासून वीसहून जास्त किलोमीटर मागे गेलंय. बोटींचे मार्ग त्याच्या मागे मागे लांबवावे लागतात.

डिचोलीकर

+१. आणि आपल्या हिमालयात काय कमी आहे? गोमुखला जा. पुण्य पण.

तारवटी

@डिचोलीकर, गोमुखला चालत जावं लागतं, बाबा. गंगोत्रीहून अठरा किलोमीटर. आईचे गुडघे वाचलेत ना वर?

@वाचनमात्र, खटकतं. पण आम्ही बोटीवर पोट भरायला गेलो होतो, फोटो टाकायला नाही. दुसरं म्हणजे सगळे ग्लेशियर एका चालीने चालत नाहीत. हबर्ड ग्लेशियर पुढे सरकतंय. १९८६ मध्ये आणि परत २००२ मध्ये त्याने रसेल फियॉर्डचं (फियॉर्ड म्हणजे डोंगरांत शिरलेली चिंचोळी खाडी) तोंडच बुजवून टाकलं होतं, आतला समुद्र गोड्या पाण्याचं तळं व्हायला लागला, शेवटी बांध फुटला. याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा नाही. समुद्रात टेकलेल्या ग्लेशियरचं पुढे-मागे होणं तळाची खोली, पुढ्यात साठलेला गाळ यांवरही ठरतं, एवढंच म्हणतोय.

वाचनमात्र

हबर्डचं माहीत नव्हतं. पण एका हबर्डमागे शंभर मागे सरकतायत. माझा मुद्दा कायम.

शापोरा

अलास्काचा हट्ट नसेल तर आइसलँड बघा. योकुल्सारलोन नावाचं तळं आहे, वात्नायोकुल या मोठ्या ग्लेशियरच्या एका फाट्यातून तुटलेले हिमखंड त्यात तरंगत असतात. शंभर वर्षांपूर्वी तळं नव्हतंच, १९३० च्या दशकात ग्लेशियर मागे हटायला लागलं तसं झालं. आता आइसलँडमधलं सगळ्यात खोल तळं ते. चाकं असलेली बोट जमिनीवरून गडगडत येते आणि सरळ पाण्यात शिरते, आमच्या सासूबाई किंचाळल्या. फेरी पाऊण तासाची, लाट शून्य. पलीकडे काळ्या वाळूवर बर्फाचे तुकडे येऊन पडतात, गुडघेवाल्यांनी नुसतं तिथे फिरावं.

म्हापशेकार

@शापोरा, तिकीट सिअ‍ॅटलचं काढलंय हो त्यांनी! तिथे जायला वेगळा व्हिसा, वेगळं विमान, आणि जेवणाचे भाव ऐकून तुमच्या सासूबाई पुन्हा किंचाळतील.

शापोरा

मान्य. वडापाव आठवला होता तिथे.

तारवटी

मूळ मुद्द्यावर येतो. बर्फासमोर नेमकं काय होतं ते कोणी लिहिलं नाही, जाहिरातीत तर ते कळतच नाही.

बोट बर्फाच्या तुकड्यांतून हळूहळू पुढे जाते, पत्र्यावर ठक ठक वाजत राहतं. मग इंजिन बंद. समोर भिंत. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती शेजारी वाटते, कारण मोजायला समोर घर नाही, झाड नाही. मध्येच दुसरी बोट त्या भिंतीपुढून जाते आणि ती माचिसएवढी दिसते, तेव्हा पोटात गोळा येतो. कप्तान मुद्दाम लांब थांबतो. भिंत कोसळली की लाट येते, आणि कधी पाण्याखालून तुटलेला तुकडा उसळी मारून वर येतो, तो जास्त वाईट.

आणि बाबांना सांगून ठेवा, आवाजाची वाट बघायची नाही! अर्धा किलोमीटरवरून आवाज यायला दीड सेकंद लागतो. धडाड ऐकून मान वळवलीत तर तुकडा पाण्यात गेलेला असतो. एक जागा धरायची, भिंतीचा एकच भाग, आणि त्यावरून डोळा हलवायचा नाही. बारीक बारीक खडे पडायला लागले की समजायचं, इथे काहीतरी होणार. सगळे मोबाइल घेऊन डावीकडे-उजवीकडे धावतात आणि सगळ्यांचं हुकतं. आणि कधी काहीच पडत नाही, हेही सांगून ठेवा. ग्लेशियर तिकिटाचे पैसे घेत नाही.

इंजिन बंद असताना कान द्या. तरंगणाऱ्या तुकड्यांतून बारीक चरचर ऐकू येते. बर्फात शेकडो वर्षं कोंडलेली हवा बुडबुड्यांनी सुटते, तिचा आवाज. मला तो कोसळण्यापेक्षा जास्त आवडायचा.

मांडवीकाठ

अंगावर काटा आला. वाखु (वाचनखूण) साठवली.

रंगारी

निळ्या रंगाबद्दल भर घालतो. वरच्या बर्फाच्या वजनाने खालच्यातली बरीचशी हवा दाबून निघून जाते, स्फटिक मोठे होतात. असा घट्ट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो, निळा उरतो. नुकताच तुटलेला भाग म्हणून जास्त निळा दिसतो, उन्हात राहिला की पृष्ठभागाला तडे जाऊन पांढरा पडतो. आणि ढगाळ हवेत तो निळा अधिकच उठून दिसतो, कडक उन्हात चकाकीत मरतो. त्यामुळे व्हिटिअरच्या पावसाला नावं ठेवू नका. चित्रं काढणाऱ्याला तर पावसाळी दिवसच बरा.

भीतीवाटतेबाबा

कोणी २०२५ च्या ऑगस्टबद्दल बोलत नाहीये. अलास्काची राजधानी जुनो, तिच्याजवळ ट्रेसी आर्म या फियॉर्डमध्ये डोंगराचा कडा कोसळून पाण्यात पडला आणि लाट समोरच्या उतारावर काही शे मीटर चढली. पहाटेची वेळ, म्हणून कोणाचा जीव गेला नाही. मोठ्या क्रूझ त्याच फियॉर्डमध्ये जायच्या. ग्लेशियर मागे हटलं की त्याने धरून ठेवलेला डोंगर मोकळा पडतो. व्हिटिअरपासून फार लांब नसलेल्या बॅरी आर्ममधल्या अशाच उताराबद्दल शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये जाहीर इशारा दिलाय. आईबाबांना नेताय, म्हणून विचारलं.

म्हापशेकार

@भीतीवाटतेबाबा, प्रश्न रास्त आहे. बॅरी आर्मवर यंत्रं लावून सतत नजर ठेवली जाते, आणि बोटीने कुठे जायचं नाही याचा निर्णय कप्तान घेतो. बुक करताना "तुमचा मार्ग कुठून जातो" असं सरळ विचारा, सांगतात. ट्रेसी आर्म या दोन्ही बंदरांपासून खूप लांब आहे.

तसा तो सगळा मुलूखच हलता. १९६४ चा ९.२ मॅग्निट्यूडचा भूकंप तिथलाच. त्सुनामीने व्हिटिअर आणि स्यूअर्ड दोन्ही झोडपली होती.

जुनीबोट

प्रिन्स विल्यम साउंड म्हणजे १९८९ साली एक्सॉन वॅल्डीझ ही तेलवाहू बोट खडकावर चढली ती जागा ना? तेलात माखलेल्या पक्ष्यांचे फोटो अजून आठवतात.

म्हापशेकार

तीच. ब्लाय रीफ. चारेक कोटी लिटर तेल गेलं. आता पाणी स्वच्छ दिसतं, ऑटर परत आलेत, पण काही किनाऱ्यांवर वाळू उकरली तर तेल लागतं म्हणतात.

सड्यावरचा

आपल्या कांदोळीला रिव्हर प्रिन्सेस बोट २००० साली रुतली ती २०१२ पर्यंत तिथेच. एक अख्खी पिढी "तो बोटवाला बीच" म्हणत मोठी झाली.

कुर्ली

माझे लग्नाआधीचे फोटो आहेत तिच्यासमोर. बोट गेली, बायको आहे.

वाचनमात्र

आईंसाठी एक सुचवतो (जायचंच म्हणताय तर). व्हिटिअरच्या वाटेवरच पोर्टेज ग्लेशियर आहे. तिथे तळ्यात तासाभराची बोटफेरी असते. तळंच ते, मोठी लाट नाही. गंमत म्हणजे ग्लेशियर दिसावं म्हणून १९८६ मध्ये काठावर खास पर्यटक केंद्र बांधलं, आणि आता केंद्रातून ग्लेशियर दिसतच नाही, वळणाआड गेलंय. म्हणून बोट. माझा वरचा मुद्दा याहून चांगला कोणाला मांडता येणार नाही.

म्हापशेकार

वाचनमात्रांनी पत्ता बरोबर दिला. स्यूअर्डला गेलात तर एक्झिट ग्लेशियरही बघा, गाडीने जवळ जाता येतं. वाटेवर सालांच्या पाट्या आहेत, कुठल्या साली बर्फाचं टोक कुठे होतं त्याच्या. आपल्या जन्मसालाची जागा शोधत फिरायचं. पण शेवटच्या टप्प्यात चढ आहे, गुडघ्यांना जपून.

माडाची_सावली

इतकं सगळं लिहिलंत, खूप आभार. घरात चर्चासत्र झालं. नवऱ्याचं म्हणणं, बाबा आणि तो स्यूअर्डला, मी आणि आई पोर्टेजला. सगळ्यांना हवं ते मिळतं.

आईने अनपेक्षित प्रश्न टाकला: बोटीत जेवायला काय? सोमवारी ती शिवराक (शाकाहारी), एकादशीला उपास, आणि जुलैत आषाढी.

तारवटी

दिवसाच्या बोटींवर जेवण साधं. सँडविच, चिप्स, सूप, कुठे कुठे सामन मासा. बुक करताना शाकाहारी लिहिलं तर मिळतं, पण चवीची अपेक्षा नको. घरून काही नेऊ देतात का ते कंपनीला विचारा. सोमवार सोडून कुठलाही वार घ्या, सामन चुकवू नका! इसवणवाल्यांनाही (सुरमई खाणाऱ्यांना) आवडेल.

आणि माझं ऐका, चौघांना वेगळं करू नका. मी स्यूअर्डवाला, तरी सांगतो. बर्फ कोसळल्यावर माणूस आधी शेजारी कोण आहे ते बघतो. मी आमच्या बेकरीवाल्या पोराचा हात धरला होता, कुंकळ्ळीचा, ओळख दोन आठवड्यांची.

मांडवीकाठ

@तारवटी, तुम्ही तर पलटलात!

तारवटी

पलटलो नाही. स्यूअर्ड भारी आहेच. पण बाबांनी समुद्र आयुष्यभर बघितला, आईने कधी धड बघितलाच नाही.

जुनीबोट

+१००

रंगारी

व्हिटिअरवाल्या भागात कॉलेज फियॉर्ड आहे. १८९९ च्या मोहिमेतल्या प्राध्यापकांनी ग्लेशियरना अमेरिकेतल्या कॉलेजांची नावं दिली. हार्वर्ड, येल, स्मिथ, वासर. आपले प्राध्यापक असते तर धेंपे ग्लेशियर, चौगुले ग्लेशियर झालं असतं. आणि कुठलं मोठं यावर पणजी-मडगाव भांडण.

डिचोलीकर

साखळीचं सरकारी कॉलेज विसरलात.

माडाची_सावली

तर ठरलं. चौघंही व्हिटिअर. पोर्टेज आदल्या दिवशी, आईची परीक्षा म्हणून. तिथे जमलं तर दुसऱ्या दिवशी पाच तासांची बोट, नाहीच जमलं तर तिकीट कितपत आधी रद्द करता येतं ते भाऊ बघतोय. सोमवार नाही, एकादशी नाही. गोळी या रविवारी घरी घेऊन बघणार. बाबा थोडे हिरमुसले, पण हार्वर्ड ग्लेशियरचं नाव ऐकून म्हणाले, "निदान तिथे तरी जाऊन आलो म्हणून सांगेन."

शेवटचे दोन प्रश्न. कपडे काय? आणि तो व्हिटिअरचा बोगदा, ज्याचं भावाला टेन्शन आलंय?

म्हापशेकार

कपडे: अँकरेजला जुलैत पंधरा-अठरा अंश असतात, पण बर्फावरून घसरत येणारा वारा वेगळाच. थरांवर थर, वर पावसाचं जॅकेट, हातमोजे, आणि बाबांसाठी लाजू नका, माकडटोपी. छत्री आणू नका, डेकवर ती पहिल्या दहा मिनिटांत उलटी होते. दुर्बीण घरात असेल तर आणा.

बोगदा: चार किलोमीटर लांब, एकच लेन, आणि त्याच लेनमधून आगगाडीही जाते. रुळांवरूनच गाडी चालवायची. गाड्या आळीपाळीने सोडतात: व्हिटिअरकडे जायला अर्ध्या तासाला, म्हणजे साडेआठ, साडेनऊ असं, आणि बाहेर पडायला पूर्ण तासाला. चुकलात की पुढच्या खेपेपर्यंत रांगेत. रात्री बंद. बोट सुटायच्या आधीची एक नाही, दोन खेपा आधीची धरा, कारण मध्येच रेल्वे आली तर गाड्या थांबवतात. पोर्टेजचं तळं बोगद्याच्या अलीकडेच आहे, त्यामुळे आदल्या दिवशी बोगद्याचं तोंड भावाला दाखवून आणा.

पलीकडे पोचलात की गाव बघून हसू येईल. बहुतेक सगळं गाव एकाच चौदा मजली इमारतीत राहतं.

कुर्ली

चौदा मजल्यांत अख्खं गाव? सोसायटीची मीटिंग म्हणजेच ग्रामसभा.

म्हापशेकार

आणि लिफ्ट बंद पडली की जिल्हा बंद. असो. भावाला सांगा, टोल जाताना एकदाच घेतात, येताना नाही. बोगद्याचं वेळापत्रक निघायच्या आदल्या रात्री पुन्हा बघायचं.